चेंबरची ओटी

आमच्या गल्लीला फंड येणार, हे मी माझ्या लग्नाच्या आधीपासून ऐकत होतो. फंड विद्यानगरला आला, फंड नवनगरला आला, तिकडे रस्ते उकरून पाइप पुरले, वर गुळगुळीत डांबर घातलं, आणि आमच्याकडे मात्र तो आज येतो, उद्या येतो, असं चाललं होतं. घरात त्याच्याबद्दल बोलणं व्हायचं ते लहरी जावयाबद्दल बोलावं तसं. या वेळी नक्की येतोय म्हणे. कुणी सांगितलं? नगरसेवकांनी. मग कसला येतोय.

घर जुन्या हुबळीत, दुकान बाजारात. आम्ही खण विकतो, चोळीचे खण. पणजोबा गडहिंग्लजकडून आले, गुळेदगुड्डचा माल घेऊन इकडे तिकडे फिरायचे, मग इथेच राहिले. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि भांडताना दोन्ही, अशी आमची वाटणी आहे. गल्लीतली बहुतेक घरं अशीच, आमच्यासारखीच दुकानदारांची, एकमेकांना तीन पिढ्या ओळखणारी आणि तेवढीच एकमेकांवर डोळा ठेवणारी.

या सगळ्या अब्रूदार घरांच्या दारावरून उघडं गटार वाहायचं. घरात शिरायचं तर गटारावर टाकलेल्या फरशीवरून. मोरीचं पाणी, धुण्याचं पाणी आणि जे बोलू नये तेही त्यातच. परसातल्या खड्ड्यांचा उपसा करायला टँकर यायचा, त्या दिवशी गल्लीत कुणी स्वयंपाक करायचं नाही. मिरजेहून माझी मावशी आली की पदर नाकाला लावून बसायची आणि म्हणायची, "घर छान आहे हो तुमचं." आतून मी जळायचो. लाखाचा माल दुकानात आणि दारात हे. मावशीला उलट बोलता येत नव्हतं, म्हणून मी तो राग ऑफिसांमध्ये जाऊन काढायचो.

कन्नडमध्ये अर्ज लिहायला आणि साहेबाशी वाद घालायला मी बरा, असं गल्लीनं ठरवलं होतं. खरं म्हणजे मला तोंड आहे, एवढंच. पण तोंड असलेल्या माणसाला लोक पुढे करतात आणि पुढे केलेल्या माणसाला हळूहळू आपण पुढारी आहोत असं वाटायला लागतं. माझं तसं झालं. ड्रेनेजचा फंड मंजूर झाल्याचं पहिल्यांदा मला कळलं आणि मी दुकानातून घरापर्यंत येताना वाटेत प्रत्येक दारात ते सांगत आलो, जणू माझ्याच खिशातून दिला होता.

सर्व्हे करायला ड्रेनेज योजनेचे एक इंजिनिअर आले, विजापूरकडचे, तरुण, उन्हानं लाल झालेले. त्यांनी नियम समजावून सांगितला. प्रत्येक घरापासून गल्लीतल्या मोठ्या पाइपापर्यंतची जोडणी योजनेतून, फुकट. पण फक्त राहत्या घरांना. दुकान, हॉटेल, खानावळ असेल त्यांनी वेगळी परवानगी काढायची, तेल आणि खरकटं अडवणारी टाकी बांधायची आणि खर्च आपला आपण करायचा.

गल्लीच्या खालच्या टोकाला, उतार संपतो तिथे, एक अक्का खानावळ चालवत होती. अळणावरच्या बाजूच्या खेड्यातली, शेतकऱ्याघरची, आमच्यासारखीच मराठी बोलणारी, पण तिची मराठी ऐकली की आमच्या घरातली माणसं गालातल्या गालात हसायची. नवरा गेल्यावर ती हुबळीला आली होती. खाली बाकं टाकून जोंधळ्याची भाकरी, वांग्याची भाजी, आमटी-भात. माडीवर ती स्वतः राहायची. बाजारातले हमाल आणि खोल्या करून राहणारी कॉलेजची पोरं, हे तिचं गिऱ्हाईक.

इंजिनिअर तिच्या दारात थांबले. "हे काय? हॉटेल?" असं त्यांनी मला कन्नडमध्ये विचारलं. अक्का पिठाच्या हातानं बाहेर आली होती. तिला वेगळी परवानगी आणि टाकी परवडणार नव्हती, ते मला दिसत होतं, आणि जोडणी नसेल तर खानावळ बंद करावी लागली असती, कारण गटार बुजवणारच होते. मी म्हणालो, "घरच आहे. राहते वर. लिहा घर." त्यांनी लिहिलं. त्या दिवशी संध्याकाळी अक्कानं आमच्याकडे गरम भाकऱ्या आणि शेंगाचटणी पाठवली. मी ती जेवताना घरच्यांना सांगितलं की मी कसं तिचं काम केलं, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात बसून आणखी दोघांना सांगितलं. चांगलं केलेलं काम पोटात ठेवणं मला कधी जमलं नाही.

मग गल्ली उकरली. तेव्हाचे हाल सांगत बसत नाही. ज्यांच्या गल्लीत फंड आलाय त्यांना ते ठाऊक आहेत. शेवटी पाइप पडले, मधे मधे सिमेंटचे गोल चेंबर बसले. आमच्या घरासमोरचं चेंबर सगळ्यात मोठं. झाकण बसायचं होतं, आत कोरडं ठणठणीत, नवं सिमेंट, एखाद्या लहानशा आडासारखं दिसायचं.

ते बघूनच आईच्या मनात आलं असणार. तिनं ठरवलं की झाकण बसण्याआधी पूजा करायची.

"आई, ते ड्रेनेजचं आहे," मी म्हणालो. "पाणी येणारं नाही, घाण जाणारी आहे त्यातून."

"कळतंय मला," ती म्हणाली. "येणाऱ्या पाण्याची पूजा जगभर करत्यात. जाणारं पाणी पण गंगाच की. इतकी वर्षं दारात तुंबून बसली होती, आता वाट मिळाली तिला. तिची ओटी नको भरायला?"

मला हसू आलं, पण खरं सांगतो, ते मला आवडलंही. आईच्या बोलण्यात काहीतरी होतं. नळाला पाणी आठ दिवसांनी आलं तरी आम्ही भागवून घेत होतो, पिंपं, हंडे, जमिनीतली टाकी, सगळी सोय होती. पण ते गटार होतं ती लाज होती, आणि ती जाणार होती. ती नेणाऱ्या वाटेची पूजा करावी असं गल्लीतल्या बायकांना वाटलं तर त्यात नवल नव्हतं. बातमी घराघरांत गेली आणि सकाळी दुकान उघडायच्या आत बायका माझ्याकडे खण मागायला आल्या. त्या दिवशीइतकी घाईची विक्री मी दिवाळीतही बघितली नव्हती. हिरवे, जांभळे, डाळिंबी, कुणाला रुंद काठ, कुणाला अरुंद. मी सगळ्यांना नेहमीचं ऐकवत होतो: धुवा, आपटा, उन्हात टाका, रंग जायचा नाही, धागा तुटायचा नाही. सुती खण आता कोण घेतं. सगळा माल कृत्रिम धाग्याचा.

सवाष्णी जमल्या. नगरसेवक आले, कंत्राटदाराला टॉवेल आणि नारळ देऊन सत्कार झाला, मी चार शब्द कन्नडमध्ये आणि चार मराठीत बोललो. मग आईनं चेंबरच्या काठावर हळदकुंकू वाहिलं, खणात तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नारळ बांधला आणि दोरीनं अलगद आत सोडला. एकीनं सोडला म्हणजे दुसरीनं सोडायचाच. सगळ्यांनी सोडले. फुलं, अक्षता, आणि खाली तळाला रंगीत गाठोड्यांचा ढीग. पोरांनी वाकून वाकून फोटो काढले. फार छान दिसत होतं ते.

खालच्या टोकाची अक्का नव्हती. तिला बोलावलं नव्हतं. ओटी सवाष्णींनी भरायची, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही, त्यामुळे तिला टाळलं असंही कुणाच्या मनात आलं नाही. ती दारात उभी राहून लांबून बघत होती आणि मग हमाल जेवायला आले म्हणून आत गेली.

वाहिलेली ओटी परत उचलायची नसते. कंत्राटदार आमच्यातलाच, त्यालाही ते कळत होतं. त्याच्या माणसानं वरवरची फुलं तेवढी काढली आणि झाकण बसवलं.

संक्रांतीनंतर जोडण्या सुरू झाल्या. गटार बुजलं, फरशा निघाल्या. गल्ली एकदम रुंद झाली. संध्याकाळी लोक दारात खुर्च्या टाकून बसायला लागले, आणि बसून बोलायचे तेही त्या वासाबद्दलच, जो आता येत नव्हता. मी मिरजेच्या मावशीला मुद्दाम फोन करून बोलावलं. ती आली, पदर नाकापाशी नेला, थांबली, आणि खाली घेतला. तो क्षण मी कधी विसरणार नाही असं मला तेव्हा वाटलं होतं.

पाडव्याच्या सुमाराला पाणी वर आलं.

पहिल्यांदा खालच्या टोकाला, अक्काच्या दारासमोरच्या चेंबरच्या झाकणाभोवती बुडबुडे यायला लागले. मग झाकण उचललं गेलं आणि सगळ्या गल्लीची घाण रस्त्यावर पसरली. दोन-चार दिवसांत आमच्या मोरीतूनही उलटं पाणी यायला लागलं. पूर्वी निदान घाण बाहेर वाहत होती, आता घरात यायला लागली. आईनं देवघर माडीवर हलवलं.

अक्काच्या दारासमोर वर आलेल्या त्या पाण्यावर भाताची शितं तरंगत होती, वर तेलाचा तवंग. खानावळीची जोडणी त्याच चेंबरला होती, त्यामुळे तिथे तिचंच खरकटं वर दिसणार, हे आज लहान पोरालाही समजेल. तेव्हा आम्हाला फक्त भात दिसला. भात बघितल्यावर आणखी काही शोधायची कुणाला गरज वाटली नाही.

इंजिनिअर आले. गल्लीत सगळे जमले. त्यांनी शांतपणे सांगितलं ते असं होतं: योजनेचा फंड पाइप घालण्यासाठी होता, तो संपला, घातलेले पाइप साफ करण्यासाठी त्यात तरतूद नाही. काम सदोष असेल तर कंत्राटदारानं दुरुस्त करून द्यायचं. वापरणाऱ्यानं नियम मोडला असेल तर त्यानं भरायचं. आणि दोन्ही नसेल तर वरून नवीन मंजुरी येईपर्यंत थांबायचं.

नवीन मंजुरी म्हणजे काय, ते आम्हाला पक्कं माहीत होतं. अर्धं आयुष्य आम्ही तिची वाट बघण्यात घालवलं होतं. तेव्हा दोष कुणाचा तरी निघणं भाग होतं. कंत्राटदार म्हणाला, माझं काम चोख आहे, त्या भाताकडे बघा. नगरसेवकांचा माणूस म्हणाला, भात आहे खरा. बायका म्हणाल्या, तिच्या गिऱ्हाइकांची ताटं कुठे धुतात कोण जाणे. अक्का तिच्या दारात उभी होती. "मी खरकटं बादलीत काढते हो, म्हशीवाला नेतोय," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

इंजिनिअरनी कागद चाळला. "पण हे तर घर म्हणून नोंदवलंय," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "खरं सांगायचं तर ती खानावळ आहे. सगळ्यांना माहीत आहे."

हे मी कन्नडमध्ये म्हणालो. अक्काला कन्नड चांगलं येतं. ती माझ्याकडे बघत होती, रागानंसुद्धा नाही. तिची खानावळ मी घर म्हणून नोंदवली होती ती मेहेरबानी म्हणून. आता तीच मेहेरबानी मी पुराव्यासारखी काढून दाखवली. त्या क्षणी मला लाज वाटली असती तर निदान काहीतरी झालं असतं. वाटली नाही. उलट खरं बोलल्याचं एक समाधान वाटलं, आणि आता आठवलं की सर्वांत जास्त किळस मला त्या समाधानाची येते.

तिच्या जोडणीचं तोंड सिमेंटनं बंद केलं. तात्पुरतं, असं इंजिनिअर म्हणाले. वेगळी परवानगी काढली, टाकी बांधली की उघडू. खानावळ बंद झाली. हमाल दुसरीकडे जेवायला लागले. अक्का स्वतःपुरतं वापरलेलं पाणीही बादल्या भरून लांबच्या नाल्यात ओतून यायची, भर दुपारी, गल्लीतून, आमच्या सगळ्यांच्या दारांवरून.

आणि मग एके दुपारी ती आमच्याकडे आली. मी आत चहा घेत होतो. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"आई," ती आईला म्हणाली, "माझ्यामुळं गल्लीला घाण बघायला लागली. खेड्यातली मी, मला कळलं न्हाई. माझ्या हातनं चुकून काय गेलं आसंल आत, तर पदरात घ्या."

आई म्हणाली, "असू दे गं. माणसाच्या हातून होतं. पुढं जपून."

ती पुढच्या घरी गेली. मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक दारात उभी राहून तिनं हेच म्हटलं आणि प्रत्येक दारात तिला माफी मिळाली. मी चहा संपवला. बायको म्हणाली, "किती वाईट वाटतं हो." मी म्हणालो, "वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम." आपण काही अगदीच वाईट माणसं नाही, बोलून दाखवतो, माफही करतो, असं काहीसं माझ्या मनात होतं.

तिची जोडणी बंद केल्यावरही पाणी येतच राहिलं. याचा अर्थ काय, हे कुणी मोठ्यानं म्हटलं नाही. आत जुना भात घट्ट बसलाय, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. ओटीची आठवण कुणालाच झाली नाही. मलासुद्धा नाही, आणि हे मी सांगतो तेव्हा कुणाला पटत नाही. मी माझ्या हातानं ते खण विकले होते. पण गंगेला वाहिली म्हणजे ती वस्तू संपली, असंच आमच्या डोक्यात आहे. नदीत सोडलेला नारळ पुढे कुठे जातो, कुणाच्या शेतात अडकतो, हा विचार आमच्यातल्या कुणी कधी केलेला नाही. आम्ही नमस्कार करतो आणि मागे न बघता घरी येतो.

शेवटी इंजिनिअरनीच कुठून तरी खटपट करून जेटिंगची गाडी आणली. सकाळची वेळ होती, सगळी गल्ली बाहेर आली. गाडीनं जोरात पाणी मारलं, काही हललं नाही. खालच्या चेंबरमधून पुन्हा मारलं. मग एका माणसानं वरूनच लांब सळीला लावलेला आकडा आत घालून ओढायला सुरुवात केली. आधी एक नारळ आला, काळा पडलेला. लोक हसले. कुणाच्या घरून नारळ गेला, असंही कुणी विचारलं. आणि मग आकड्याला हिरवं कापड आलं.

त्याच्या मागून जांभळं आलं. त्याच्या मागून डाळिंबी. आमच्या दारापासून पाइपातून खाली वाहत येऊन, एकात एक पिळा पडून दोरखंडासारखे झालेले खण येतच राहिले. गाडीवाल्यानं त्यांच्यावर पाण्याचा फवारा मारला, आणि मळ निघून गेल्यावर ते उन्हात लख्ख दिसायला लागले. एकाचाही रंग गेलेला नव्हता. एकाचाही धागा तुटला नव्हता. काठ तर असा ताजा, की मी कपाटातून घडी काढून दाखवावी. माझ्या मालाची इतकी चांगली जाहिरात पुन्हा कधी होणार नाही.

मान वर करवत नव्हती. इंजिनिअरनी विचारलं, हे काय आहे? ते विजापूरकडचे, खण त्यांच्याही घरात असणार, त्यांना दिसत होतं काय आहे ते. पण त्यांना कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, आणि त्यांचं बरोबर होतं. कंत्राटदार मोबाइल काढून लांब गेला. ज्या बायका ताटांबद्दल बोलल्या होत्या त्यांतल्या एक-दोघी आत निघून गेल्या.

आई पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "ओटी हाय ती."

"कुणाची?"

"सगळ्यांची," आई म्हणाली. मग तिनं गल्लीच्या खालच्या टोकाकडे बघितलं, जिथे अक्का बंद खानावळीच्या दारात उभी होती, आणि आवाज खाली आणून मला म्हणाली, "तिची सोडून. तिला बोलावलं कुठं होतं आपण?"

सगळ्या गल्लीत ज्या एकाच घरातून त्या पाइपात खण गेला असणं शक्य नव्हतं, तेच घर आम्ही धरलं होतं. ती आमच्यात नव्हती म्हणून ओटीला नव्हती, आणि ती आमच्यात नव्हती म्हणूनच दोष तिच्यावर इतका सहज बसला. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. जमिनीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, पण आमच्या गल्लीतल्या जमिनीनं तर सगळं बाहेर काढून ठेवलं होतं.

इंजिनिअरनी त्याच दुपारी तिच्या जोडणीचं सिमेंट फोडून घेतलं. कुणाला परवानगी विचारली नाही, टाकीचा विषय काढला नाही. त्यांनी मला एक शब्द उलटा सुनावला नाही, ते मला जास्त लागलं. जाताना फक्त म्हणाले, "पुन्हा काही वाहायचं असेल तर झाकणाच्या वरच वाहा, सर."

पाणी वाहायला लागलं. गल्लीत तो विषय कुणी काढला नाही. गल्लीला असं गप्प बसता येतं हे मला पहिल्यांदा कळलं. एरवी आमच्याकडे मांजर व्यायली तरी चार दिवस चर्चा चालते. अक्काकडे कुणी गेलं नाही. जी दारोदार माफी मागून आली होती तिच्या दारात जायला कुणाचे पाय उचलेनात. आई दोनदा निघाली आणि दोनदा अंगणातून परत आली. तिनं जेवण कमी केलं. एकदा मला म्हणाली, "मी तिला 'पुढं जपून' म्हणाले रे."

मी दुकानातून घरी यायचा रस्ता बदलला. मागच्या बोळातून यायला लागलो. आणि मला तिचा रागही आला, हेही सांगून टाकतो. तिनं ओरडायला हवं होतं. गल्लीच्या मधोमध उभं राहून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला हवा होता, म्हणजे मला घरात बसून ऐकता आलं असतं आणि फिटंफाट झाली असती. तिनं ते केलं नाही. तिनं खानावळ उघडली, बाकं धुतली आणि चूल पेटवली. "जाऊन या," बायको म्हणाली. मग रोज म्हणायला लागली. शेवटी तिच्या तोंडाला कंटाळून मी गेलो, स्वतःच्या मनानं नाही.

दुपारची गर्दी ओसरलेली असेल अशी वेळ बघून गेलो. गर्दी नव्हतीच. पूर्वी या वेळेला बाकावर जागा मिळायची नाही. आता कोपऱ्यात दोन हमाल जेवत होते. मी शब्द जुळवून नेले होते, चांगले जड जड. ती भाकरी थापत होती. मला बघून उठली, पदर सारखा केला.

"या अण्णा. बसा."

"अक्का, ते त्या दिवशी मी जे बोललो..."

"भाकरी गरम हाय. आधी जेवा."

तिनं ताट वाढलं. भाकरी, वांगं, आमटी, चटणी. मी मान खाली घालून जेवायला लागलो. ते जुळवलेले शब्द आमटीबरोबर गिळले गेले म्हणा. ती जवळच उभी होती, हात पदराला पुसत, काहीतरी बोलायचं असल्यासारखी. मला वाटलं, आता ती बोलेल, आणि मी ऐकून घ्यायला तयार झालो. खरं तर मला बरंच वाटलं.

"अण्णा, एक इचारू का?" ती म्हणाली.

"विचारा की."

"तवापास्नं मी भात करायचा सोडलाय. मोरीला जाळी लावली, वर फडकं बांधलंय, ताटं धुतलेलं पाणी गाळून सोडते. पर हमालांचं भाताबिगर पोट भरत न्हाई, म्हणून येत न्हाईत ते." ती कोपऱ्यातल्या दोघांकडे बघून आवाज बारीक करून म्हणाली, "आता मी भात केला तर गल्लीला चालंल न्हवं?"

मी ताटाकडे बघितलं. भात नव्हता. तिनं आमचे खण निघालेले बघितले होते, आई 'सगळ्यांची' म्हणाली तेही तिच्यापर्यंत पोचलं असणार, आणि तरी ती माझ्यापुढे उभी राहून विचारत होती. तोंडात घास होता. तो गिळून मी म्हणालो, "चालेल," आणि ती खरंच बरं वाटल्यासारखी हसली आणि तांदूळ निवडायला आत गेली.